ग्लिसरीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधाच्या दुकानात ग्लिसरीनइतक्या भलत्याभलत्या कामांसाठी मागितली जाणारी दुसरी बाटली नसेल. कुणाला टाचांना लावायचं असतं, कुणाच्या कानात मळ असतो, कुणाला शाळेच्या नाटकात रडायचं असतं. काउंटरवर आणि मेसेजमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्लिसरीन म्हणजे नेमकं काय? ते तेल आहे का?

नाही. दिसायला तेलकट, पण रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते अल्कोहोलच्या कुळातलं आहे. तीन कार्बन अणूंची साखळी आणि प्रत्येक कार्बनला एक हायड्रॉक्सिल गट, एवढाच त्याचा रेणू. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ग्लिसरॉल’ लिहिलं असेल तर तेही हेच. त्याने नशा मात्र चढत नाही.

तेल नाही हे घरीच कळतं. पेलाभर पाण्यात चमचाभर ग्लिसरीन सोडा. आधी ते तळाशी जातं, कारण पाण्यापेक्षा ते सव्वापट जड आहे. मग ढवळलं की पूर्ण विरघळतं आणि वर एकही तवंग येत नाही. रंग नाही, वास जवळजवळ नाही, चव गोड. हे तीन गुण लक्षात ठेवा. प्रश्न १४ आणि १५ मध्ये हेच गुण घातक ठरलेले दिसतील.

२. ते बनतं कशापासून? आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, चालेल का?

कुठल्याही तेलात किंवा चरबीत ग्लिसरॉल असतंच, मेदाम्लांना बांधलेलं. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले याने १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवताना ते पहिल्यांदा वेगळं केलं. आज साबणाच्या कारखान्यात तेलापासून साबण होताना ग्लिसरीन मागे उरतं, बायोडिझेल करतानाही उरतं. तिसरा मार्ग पेट्रोलियममधून मिळणाऱ्या प्रोपिलीनचा.

त्यामुळे मूळ पाम किंवा खोबरेल असू शकतं, प्राण्यांची चरबीही असू शकते, आणि शुद्ध केल्यावर रेणू तोच राहत असल्याने बाटलीकडे बघून काही कळत नाही. ‘व्हेजिटेबल ग्लिसरीन’ असं छापलेलं असेल तर प्रश्न मिटला. सौंदर्यप्रसाधनांवर हिरवा ठिपका बघता येतो, औषधांच्या बाबतीत कंपनीलाच विचारावं लागतं.

३. माझ्या खोकल्याच्या औषधात, टूथपेस्टमध्ये, कॅप्सूलमध्येही ग्लिसरीन लिहिलंय. सगळीकडे कशाला घालतात?

कारण ते एकटं चार कामं करतं. पातळ औषधाला दाटपणा आणतं, कडू औषध गोड करतं, पाण्यात नीट न विरघळणाऱ्या काही गोष्टी विरघळवतं आणि ओलावा धरून ठेवतं. टूथपेस्ट नळीच्या तोंडाशी वाळून दगड होत नाही ती बरीचशी याच्यामुळे. मऊ जिलेटिन कॅप्सूलचं कवच दाबल्यावर लवचिक लागतं तेही ग्लिसरीन मिसळल्यामुळे. नुसतं जिलेटिन वाळलं की तडकतं.

यातल्या बहुतेक ठिकाणी ते ‘औषध’ नसतं, औषधाला वाहून नेणारं माध्यम असतं. ते स्वतःच औषध म्हणून कुठे काम करतं, हे प्रश्न ११ आणि १३ मध्ये आहे.

४. बाटलीवर ‘आय.पी.’ असतं ते काय? जनरल स्टोअरमधलं सुटं ग्लिसरीन घेतलं तर काय बिघडलं?

आय.पी. म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधांची भारतीय मानकं. त्या मानकानुसार ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल ही दोन विषं प्रत्येकी ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नयेत. ‘आय.पी.’ ही दोन अक्षरं म्हणजे उत्पादकाने घेतलेली तेवढी जबाबदारी. औद्योगिक ग्लिसरीन रंग, सेलोफेन, सिगारेटचा तंबाखू अशा कामांसाठी असतं. त्याला ही मर्यादा लागू नाही.

बाटली घेताना चार गोष्टी बघा: ग्लिसरीन आय.पी. असं स्पष्ट छापलेलं, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत. यातली एक जरी गोष्ट नसेल आणि दुकानदार “अहो, तेच आहे सगळं” म्हणाला, तर ते तेच नसतं. सुटं, मोठ्या कॅनमधून ओतून दिलेलं ग्लिसरीन रांगोळीच्या रंगात किंवा साबणाच्या छंदात वापरा हवं तर. तोंडात, कानात, जखमेवर किंवा बाळाच्या अंगाला नाही.

आणि बिल घ्या. औषधाबद्दल काही तक्रार निघाली तर अन्न व औषध प्रशासनाला बॅच नंबर आणि बिल यांवरूनच माग काढता येतो.

५. थंडीत चेहऱ्याला नुसतं ग्लिसरीन लावलं तर त्वचा आणखी ओढल्यासारखी झाली. खराब निघालं का?

बाटली ठीक आहे, लावायची पद्धत चुकली. ग्लिसरीन पाणी ओढतं. हवेत दमटपणा असेल तर हवेतून ओढतं, पण विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या कोरड्या थंडीत हवेत पाणीच नसतं, तेव्हा ते त्वचेच्या आतल्या थरातलं पाणी वर खेचतं आणि तेही उडून जातं. रत्नागिरीच्या बहिणीला मानवलं म्हणून नागपूरच्या बहिणीला मानवेलच असं नाही, ते यामुळे.

उपाय साधा आहे. अंघोळीनंतर अंग अर्धवट ओलं असतानाच, एक भाग ग्लिसरीन आणि तीन-चार भाग पाणी असं पातळ करून लावा आणि वरून खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवा. ग्लिसरीनने धरलेलं पाणी वरचा थर अडवून ठेवतो. टाचांच्या भेगांनाही हीच रीत, फक्त आधी पाय कोमट पाण्यात बुडवा आणि नंतर मोजे घाला. भेग खोल असेल, रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर घरचे प्रयोग नकोत, पाय डॉक्टरांना दाखवा.

६. आजी ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबू एकत्र करून वर्षभर ठेवायची. तसं करू का?

ग्लिसरीन आणि गुलाबपाणी जरूर. लिंबू माझ्या मते काढून टाका: आम्लाने कोरडी त्वचा चुरचुरते, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग किंवा फोडही येतात.

वर्षभर ठेवण्याबद्दल: निव्वळ ग्लिसरीनमध्ये जंतू वाढत नाहीत, त्यांचंच पाणी ते शोषून घेतं. पण निम्म्याहून जास्त पाणी मिसळलं की ते संरक्षण संपतं, उलट जंतूंना गोड खाऊ मिळतो. आठवड्यापुरतं करा, फ्रिजमध्ये ठेवा.

७. टॉन्सिलला लावायचा तपकिरी पेंट ग्लिसरीनचाच असतो ना? तो गिळला गेला तर?

मांडल्स पेंट हे त्याचं नाव. आयोडीन, पोटॅशियम आयोडाइड आणि थोडं पेपरमिंट, हे सगळं ग्लिसरीनमध्ये. पाण्यात केलं असतं तर घशावरून लगेच वाहून गेलं असतं. ग्लिसरीनच्या चिकटपणामुळे ते तिथे थांबतं. कापसाच्या बोळ्याने लावा आणि नंतर निदान अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. लावताना थोडं पोटात जातंच, त्याने काही होत नाही. आयोडीनची ॲलर्जी, थायरॉइडचा आजार किंवा गरोदरपण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. शर्टावर सांडलं तर डाग जाणं कठीण.

८. तोंड आलंय, बोरोग्लिसरीन लावू का? बाळाच्या जिभेवर पांढरं आलंय, त्यालाही लावू का?

मोठ्या माणसाने तोंड आल्यावर जागच्या जागी बोटभर लावून थुंकून टाकलं तर हरकत नाही. बाळाला अजिबात नाही.

बोरोग्लिसरीनमध्ये ग्लिसरीनबरोबर बोरॅक्स किंवा बोरिक ॲसिड असतं. ते बाळाच्या शरीरात साठत जातं आणि त्याने आकडी येऊ शकते. पूर्वी चोखणीला मध-बोरॅक्स लावायची पद्धत होती, त्यातून बाळांना झटके आल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणं अवघड असतं, “तुम्हाला सगळ्यांना लावूनच मोठं केलं” हे उत्तर ठरलेलं. तरीही नको म्हणा. बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर पुसून निघत नसेल तर ती बहुधा बुरशी असते. तिच्यासाठी क्लोट्रिमाझोलसारखं औषध बालरोगतज्ज्ञ देतात.

९. कानातला मळ काढायला ग्लिसरीन घालावं का?

मळ मऊ करायला सोडा बायकार्ब आणि ग्लिसरीनचे तयार थेंब मिळतात, ते तीन-चार दिवस घालून मग डॉक्टर कान धुतात. पहिल्या दिवशी आणखी कमी ऐकू यायला लागलं तर घाबरू नका, मळ पाणी पिऊन फुगलेला असतो. कान फुटलेला असेल, वाहत असेल, पूर्वी पडद्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर एकही थेंब घालू नका.

१०. कानाच्या डॉक्टरांनी काळ्या, डांबरासारख्या वासाच्या औषधात बुडवलेली पट्टी कानात घातली. तेही ग्लिसरीन?

हो, इक्थॅमॉल ग्लिसरीन. कानाच्या नळीला सूज येते तेव्हा औषधाचा थेंब आत शिरायलाच जागा नसते. अशा वेळी ही पट्टी सुजलेल्या कातडीतलं पाणी ओढून घेते. दिवस-दोन दिवसांत डॉक्टर ती बदलतात, तोवर स्वतः उपसू नका. उशीवर जुनं कापड घाला, डाग पडतात.

हातावर सलाइनची सुई होती तिथे सूज आली की सिस्टर पांढरी लगदी थापून पट्टी बांधतात, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे. ती मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनची, वॉर्डच्या भाषेत ‘मॅगसल्फ-ग्लिसरीन’. फक्त उघड्या जखमेवर ती बांधत नाहीत.

११. बद्धकोष्ठतेसाठी ग्लिसरीनची बत्ती कशी काम करते? रोज वापरली तर सवय लागते का?

इथे ग्लिसरीन स्वतःच औषध आहे. गुदद्वारात गेल्यावर ते आतड्याच्या भिंतीतून पाणी ओढतं, शौच मऊ होतं, आणि भिंतीला थोडी चेतना मिळून कळ येते. पाव तास ते तासाभरात परिणाम दिसतो.

वापरताना लोक दोन गोष्टी चुकवतात. एक, बत्तीला तेल किंवा व्हॅसलीन लावतात. त्याने ती विरघळायला वेळ लागतो, साध्या पाण्यात बुडवून घ्या. दुसरं, बत्ती घातली की लगेच संडासात पळतात आणि ती तशीच बाहेर पडते. कुशीवर पडून पंधरा मिनिटं थांबा. उन्हाळ्यात मऊ पडली असेल तर वेष्टनासकट थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा.

कधीमधी वापरायला ती सुरक्षित आहे, पण आठवडाभर रोज लागत असेल तर दुखणं वेगळं आहे. पोट फुगलेलं, उलट्या होताहेत किंवा शौचातून रक्त जातंय, अशा वेळी बत्ती नाही, डॉक्टर.

१२. तान्ह्या बाळाला चार दिवस शी झाली नाही. सासूबाई विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची काडी घालू म्हणताहेत. त्यापेक्षा ग्लिसरीनची बत्ती बरी ना?

आधी हे बघा की बाळाला बद्धकोष्ठता आहे का. फक्त अंगावर पिणारं, दीड-दोन महिन्यांचं बाळ चार-पाच दिवस शी न करताही अगदी ठणठणीत असू शकतं. पोट मऊ आहे, दूध पितंय, वजन वाढतंय आणि शी झाली की ती मऊच असते, तर काही घालायची गरज नाही. जन्मल्यापासूनच त्रास असेल, पोट टणक झालं असेल किंवा हिरवी उलटी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गंमत अशी की सासूबाईंच्या साबणाच्या काडीमागे तर्क आहे. बाजारातल्या अनेक ग्लिसरीन बत्त्यांना आकार येतो तो सोडियम स्टिअरेटमुळे, आणि सोडियम स्टिअरेट म्हणजे साबणच. फरक हा की अंगाच्या साबणात क्षार आणि सुगंध असतात, त्याने नाजूक त्वचा पोळते. देठाने ओरखडा निघतो. बाळासाठी लहान आकाराची बत्ती वेगळी मिळते, तीही बालरोगतज्ज्ञांनी सांगितली तरच.

१३. काचबिंदूचा झटका आला तेव्हा बाबांना ग्लिसरॉल प्यायला दिलं. हे प्यायचंही असतं? त्यांना साखर आहे.

असतं, पण रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली. शरीराच्या वजनाच्या दर किलोला साधारण एक ते दीड ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ते नव्वद ग्रॅम. इतकं ग्लिसरॉल रक्तात उतरलं की रक्त दाट होतं आणि डोळ्यातलं किंवा मेंदूतलं जास्तीचं पाणी रक्ताकडे ओढलं जातं. दाब उतरू लागतो. प्यायला ते इतकं मळमळवणारं गोड असतं की आपल्याकडे पूर्वापार लिंबाचा रस पिळून, गार करून देतात. डोकेदुखी आणि उलटी हे नेहमीचे त्रास.

साखर आहे हे डॉक्टरांना सांगितलंत का, हे महत्त्वाचं. यकृत ग्लिसरॉलपासून ग्लुकोज बनवतं, त्यामुळे इतक्या मोठ्या मात्रेने साखर झपकन वाढू शकते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तरीही डॉक्टर दुसरा पर्याय बघतात.

१४. जे.जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरीनने माणसं दगावली होती असं वडील सांगतात. ते खरं का?

खरं आहे. आणि ग्लिसरीनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवावी.

जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या आणि डोळ्यांच्या रुग्णांना, प्रश्न १३ मध्ये सांगितलं त्याच कारणासाठी, ग्लिसरॉल दिलं जात होतं. बरे होत आलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं एकाएकी निकामी होऊ लागली. मूळ आजाराशी याचा काही संबंध लागेना. चौदा रुग्ण गेले. तपासात त्या ग्लिसरॉलमध्ये १८.५ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. आजच्या मर्यादेच्या जवळपास १८५ पट.

राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाच्या अहवालाने एका पुरवठादारावर बोट ठेवून प्रकरण संपवलं नाही. खरेदी कशी झाली, कमी प्रतीचा माल मान्य कसा झाला, औषध प्रशासनात काय चालत होतं, मंत्र्यांचा हात कुठवर पोहोचत होता, ही सगळी साखळी त्याने उलगडली. डॉक्टरांनी चिठ्ठी बरोबर लिहिली होती, औषधाचं नाव बरोबर होतं, मात्राही बरोबर होती. बाटलीत जे होतं ते बाटलीवरच्या नावाचं नव्हतं.

माझ्या मते फार्मसीच्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरता नाही, मुळातून वाचायला लावावा असा हा अहवाल आहे.

१५. पण हे डायइथिलीन ग्लायकॉल ग्लिसरीनमध्ये येतं कुठून? ग्लिसरीन खराब झाल्यावर तयार होतं का?

नाही. ग्लिसरीन कितीही जुनं झालं तरी त्यातून ते तयार होत नाही. ते बाहेरून येतं.

ते रंगहीन, दाटसर आणि गोड आहे आणि शुद्ध ग्लिसरीनपेक्षा स्वस्त. कारखान्यांत त्याचे रास्त उपयोग आहेत. लबाडी अशी होते की कुणीतरी स्वस्तातला पिंप ग्लिसरीन म्हणून विकतो आणि मग तो हातोहात फिरत राहतो. १९९६ मध्ये हैतीत आणि २००६ मध्ये पनामात हेच झालं: पिंपाबरोबरचं प्रमाणपत्र प्रत्येकाने मागच्याचं जसंच्या तसं पुढे पाठवलं आणि औषध बनवणाऱ्याने पिंप उघडून तपासला नाही. हैतीत ऐंशीहून जास्त मुलं गेली. १९३७ मध्ये अमेरिकेत तर लबाडीही नव्हती. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध विरघळवायला हे चांगलं म्हणून एका कंपनीने राजरोस वापरलं, आणि शंभरावर माणसं दगावली. पुढच्याच वर्षी तिथे औषध बाजारात आणण्याआधी सुरक्षितता सिद्ध करण्याचा कायदा आला.

घरी ओळखता येतं का, असं बरेच जण पुढे विचारतात. नाही. वास, चव, दाटपणा, पाण्यात विरघळणं, काहीही उपयोगाचं नाही. क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी, प्रयोगशाळाच लागते. चाखून बघण्याचा प्रयोग तर मुळीच करू नका.

१६. २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मुलं गेली, तेही ग्लिसरीनच होतं का?

विष तेच, पण तिथे संशयाची सुई ग्लिसरीनवर नव्हती, प्रोपिलीन ग्लायकॉल या दुसऱ्या द्रावकावर होती. तेही सिरपमध्ये औषध विरघळवायला वापरतात आणि त्यातही हीच भेसळ होऊ शकते. त्या सिरपच्या तपासलेल्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आढळलं. मध्य प्रदेशातली ही मुलं उपचारासाठी नागपूरला आणली होती, त्यामुळे महाराष्ट्रातही ती बातमी फार जवळून कळली. वीसहून जास्त मुलांचा जीव गेला. त्याआधी २०२२ मध्ये गांबियात सुमारे सत्तर मुलं दगावली होती. तिथली सिरप भारतातून गेलेली होती. त्यानंतर जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना सरकारी प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची झाली. देशात विकल्या जाणाऱ्या सिरपला ती अट तेव्हा नव्हती, हे मला आजही खटकतं.

१७. मग मुलाला सिरप द्यायचं की नाही? काय लक्षात ठेवू?

केंद्रीय आरोग्य विभागाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं आहे: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळावीत. लहान मुलांचा बहुतेक खोकला आपोआप जातो. मागच्या वेळची उरलेली बाटली, शेजारच्यांनी सुचवलेली बाटली, दोन्ही नकोत.

सिरप चालू असताना मूल सारखं उलट्या करू लागलं, पोट दुखतंय म्हणालं, आणि मुख्य म्हणजे लघवी कमी झाली किंवा बंद झाली, तर बाटली सोबत घेऊन तडक मोठं रुग्णालय गाठा. तान्ह्या बाळाचा डायपर किती तास कोरडा आहे हे आईला नेमकं माहीत असतं, ते डॉक्टरांना न विचारता सांगा. डायलिसिस वेळेत मिळण्यावर बरंच अवलंबून असतं. बाटली फेकू नका, धुऊ तर नकाच.

१८. मधुमेह आहे. ‘शुगर-फ्री’ सिरपमध्ये ग्लिसरीन आहे, चालेल?

दिवसाला दोन-तीन चमचे सिरपातून जाणाऱ्या ग्लिसरीनने साखरेत फारसा फरक पडत नाही. कॅलरी मात्र शून्य नसतात. ग्रॅमला सव्वाचारच्या आसपास, साखरेहून थोड्या जास्तच. सिरपमध्ये सॉर्बिटॉल हा साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थही असेल तर काहींना जुलाब होतात. मोठ्या मात्रेची गोष्ट वेगळी, ती प्रश्न १३ मध्ये.

१९. आम्ही इंग्लंडला राहतो. इथे मुलांच्या बर्फाच्या स्लशीबद्दल ग्लिसरॉलचा इशारा आहे. मग औषधातलं ग्लिसरीन कसं चालतं?

प्रमाणाचा फरक आहे. २०१८ मध्ये तिथे साखरेच्या पेयांवर कर आला. स्लशीत साखर कमी केली तर तिचा बर्फाचा दगड होतो, म्हणून साखरेच्या जागी ग्लिसरॉल आलं. छोटं मूल पेलाभर स्लशी दहा मिनिटांत संपवतं, तेव्हा वजनाच्या मानाने ग्लिसरॉल फार जातं. काही मुलं त्यानंतर सुस्तावली, रक्तातली साखर घसरली, रुग्णालयात न्यावं लागलं. म्हणून तिथल्या अन्न मानक संस्थेने २०२५ मध्ये सात वर्षांखालच्या मुलांना ग्लिसरॉल असलेली स्लशी देऊ नका असं सांगितलं. ‘ई ४२२’ लिहिलेलं असेल तर ते ग्लिसरॉलच. औषधाच्या चमच्यात त्याच्या मानाने ते अगदी थोडं असतं.

२०. हृदयाच्या दुखण्यात जिभेखाली ठेवतात ती नायट्रोग्लिसरीन म्हणजे हीच बाटली का? आणि ती स्फोटकं?

नाती आहेत, पण वस्तू वेगळ्या. ग्लिसरीनवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया केली की नायट्रोग्लिसरीन होतं. १८४७ मध्ये इटलीच्या सोब्रेरोने ते केलं, आणि आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये त्यापासून डायनामाइट. रक्तवाहिन्या सैलावण्याचा गुण त्यातच आहे. म्हाताऱ्या नोबेललाही हृदयविकारावर डॉक्टरांनी हेच सुचवलं, आणि त्याला ती नियतीची थट्टा वाटली होती. गोळीत ते इतकं अल्प आणि इतर पदार्थांत मिसळलेलं असतं की ती फुटत नाही. छातीत दुखलं म्हणून साधं ग्लिसरीन जिभेखाली घेऊन काहीही उपयोग नाही. हा प्रश्नही मला आलेला आहे.

२१. साधं ग्लिसरीन पेट घेतं का?

एरवी सहज नाही. एक अपवाद घरातच असतो: पोटॅशियम परमँगनेट, विहिरीच्या पाण्यात टाकतात ते जांभळे खडे. त्यांच्या चुऱ्यावर ग्लिसरीनचे थेंब पडले की काही सेकंद काहीच होत नाही, माणूस वाकून बघतो, मग पांढरा धूर येतो आणि जांभळट ज्वाळा उठते. काडेपेटीची गरजच नसते. दोन्ही बाटल्या एका कपाटात शेजारी ठेवू नका, आणि व्हिडिओ बघून मुलं हा प्रयोग करत नाहीत ना, तेही बघा.

२२. नाटकात रडायचंय. सिनेमात डोळ्यांत ग्लिसरीन घालतात म्हणे. घालू का?

डोळ्यात नाही. दाट ग्लिसरीन डोळ्याच्या पृष्ठभागातलं पाणी ओढतं आणि झोंबतं. बुबुळाला सूज असेल तेव्हा नेत्रतज्ज्ञ ते घालतात, तेही आधी डोळा बधिर करून. कोरड्या डोळ्यांच्या काही थेंबांत ग्लिसरीन असतं, पण जेमतेम एखादा टक्का आणि निर्जंतुक. रंगमंचासाठी डोळ्याखाली, गालाच्या वरच्या बाजूला एक थेंब ठेवा. दिव्यांत तो अश्रूसारखाच चमकतो, आणि पाण्यासारखा लगेच वाळत नाही.

२३. मुलाने बाटलीतलं ग्लिसरीन प्यायलं. काय करू?

एखादा घोट आय.पी. ग्लिसरीन पोटात गेलं तर बहुधा मळमळ किंवा पातळ शौच, एवढंच. पाणी द्या, उलटी काढायचा प्रयत्न करू नका. जास्त गेलं असेल, मूल सुस्तावलं असेल तर रुग्णालयात न्या. बाटली सुटी, बिनलेबलची किंवा औद्योगिक असेल तर किती प्यायलं याचा हिशेब करत बसू नका, लक्षणांची वाट न बघता बाटलीसकट निघा. कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

२४. महाबळेश्वरला नेलेल्या बाटलीत खडे झाले. फेकू का?

ग्लिसरीन १८ अंशांच्या खाली गोठायला हवं, पण बहुतेक वेळा ते गोठायचं विसरतं आणि दाट द्रवच राहतं. क्वचित स्फटिक होतात. बाटली कोमट पाण्यात उभी करा, वितळेल, गुणात फरक पडत नाही. झाकण उघडं राहिलं असेल तर मात्र ते हवेतलं पाणी पिऊन पातळ झालेलं असतं. असं ग्लिसरीन टाचांना लावून संपवा, औषधी कामाला नवी बाटली आणा.